टिल्लीने आखलेली सहल

मास्तर शाळेत कधीच शिकवत नव्हते. ते गाडी शिकवत. डोक्यावर पाटी मिरवणारी पांढरी बुटकी गाडी, दोन्ही दारांना पोचे, आणि शेजारच्या सीटपुढे मास्तरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. बँकेचे मॅनेजर, दोन डॉक्टर, नवरा वारल्यावर हट्टाने स्टिअरिंगवर बसलेली एक आजी, आणि एक शिक्षिका, जी परीक्षेत इतक्या वेळा नापास झाली की शेवटी परीक्षक तिच्या घरच्यांची खुशाली विचारू लागले. कुणी कितीही वेडंवाकडं चालवलं तरी मास्तरांचा आवाज चढत नसे. "आता हळूच... नाही, हळूच म्हणजे हळूच," एवढंच म्हणत आणि पाय ब्रेकवर ठेवत.

त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसे. लोकांना वेळ द्यायची, आणि डॉक्टरांना जे पेशंट नको असत त्यांना वेळ द्यायची नाही, असं दुहेरी काम. हे दुसरं काम ती इतकं गोड करी की माणूस फोन ठेवताना उलट तिचेच आभार मानी. गाडीला तिने कधी हात लावला नव्हता, तरी गाव तिला मास्तरीणबाईच म्हणे.

आणि त्यांची एकुलती एक मुलगी टिल्ली. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून टिल्ली. पुढे उंचीने बापाच्या कानाला लागली तरी नाव तेच राहिलं. लग्न होऊन ती मोठ्या शहरात गेली. जावई घरूनच कंपनीचं काम करणारा, दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. पहिल्या वर्षी दोघं मिळून गावी आली होती. दुसऱ्या वर्षी टिल्ली एकटी येणार होती, पण ऐन वेळी काहीतरी निघालं. मग दर वेळी काहीतरी निघतच राहिलं.

तेव्हा डॉक्टर कसल्याशा परिषदेला परदेशी निघालेत आणि दवाखाना बंद राहणार, हे कळल्याबरोबर मास्तरांनी चपला काढता काढताच जाहीर करून टाकलं, "शनिवार-रविवार आपण शहरात. टिल्लीकडे. ती येत नाही ना, मग आपणच जाऊन धडकू."

लगेच फोन लावला. टिल्ली क्षणभर काही बोललीच नाही. मास्तरांना वाटलं, लाइन गेली.

"टिल्ले? ऐकू येतंय का?"

"येतंय ना बाबा. या की. किती छान." मग आवाज जरा लांब गेला, जवळच्या कुणाला तरी काही सांगितल्यासारखा, आणि परत आला. "मी उद्या सांगते नीट. उद्या हं."

दुसऱ्या दिवशी तिने नीट सांगितलं. त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचे पाइप बदलायचं काम निघालंय, घरात नुसती धूळ आणि ठोकाठोक. आई-बाबांचे हाल होतील. त्यापेक्षा बसस्टँडजवळ एक स्वच्छ हॉटेल आहे, तिथे उतरा. आणि एवढं येताय तर शहर बघा की! शनिवारी म्युझियम. ती तिथेच भेटेल. रविवारी सकाळी तो उंच मनोरा, वरून सगळं शहर दिसतं, आणि दुपारी बोटीतून फेरी. बोटीवरही ती येईल. कुठली बस कुठून घ्यायची, मनोऱ्यावर रांग कधी कमी असते, बोटीत कुठल्या बाजूला बसलं म्हणजे ऊन लागत नाही, सगळं तिने सांगितलं. वर पुन्हा फोनवर लिहूनही पाठवलं.

मास्तर हरखून गेले. गावात जो भेटेल त्याला सांगू लागले. गिअर टाकायला शिकणाऱ्या पोरांना सांगितलं, पेट्रोल भरणाऱ्याला सांगितलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला तर दाढी करून घेताना, गालाला वस्तरा लागलेला असताना सांगितलं. "पोरगी म्हणजे काय, टूरिस्ट कंपनी आहे माझी! बोटीत कुठल्या बाजूला बसायचं, इथवर ठरवलंय."

मास्तरीणबाई मात्र गप्प गप्प. बॅग भरायला काढली ती तशीच उघडी पलंगावर पडून राहिली. शेवटी एकदा रात्रीची भांडी विसळताना, पाठ वळवूनच तिने विषय काढला.

"अहो, हे मी ओळखते."

"काय ओळखतेस?"

"हे असं गोड बोलून लांब ठेवणं. मी रोज करते ते. 'डॉक्टरसाहेब जरा कामात आहेत, पण तुम्ही असं करा ना, त्या दुसऱ्या दवाखान्यात फार चांगली सोय आहे.' शब्दसुद्धा तेच."

"काहीतरीच तुझं! पोरीने जिवाचं रान करून एवढं आखून दिलंय..."

"तेच म्हणते मी. एवढं आखलंय. त्यात तिचं घर कुठे आहे?"

मास्तरांनी चष्मा लावला आणि टिल्लीने पाठवलेलं सगळं पुन्हा वरून खाली वाचलं. म्युझियम होतं, मनोरा होता, बोट होती. घर नव्हतं. अगदी उभ्या उभ्या पाणी प्यायला यायचं एवढंही नव्हतं.

"पाइपचं काम आहे म्हणाली ना," ते म्हणाले, पण स्वतःच्याच कानाला ते लटकं वाटलं. "तिला आपली लाज वाटत असेल का गं? तिथली माणसं वेगळी. आपण हे असे..."

"लाज वाटणारी पोर नाही ती."

"मग जाऊच नये का आपण?"

मास्तरीणबाईने हात पुसले. "जायचं. ती सांगेल तिथेच जायचं. पण जायचं."

शहर मास्तरांना वाटलं होतं त्याहून मोठं निघालं. बसमधून उतरल्यापासून गाड्यांचा जो लोंढा दिसला त्यात इंडिकेटर देणारा एक माईचा लाल नव्हता. मास्तर रस्ता ओलांडताना प्रत्येकाच्या नावाने बोटं मोडत होते. हॉटेलची खोली स्वच्छ होती खरी, पण खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर दुसरी भिंत. "निसर्गदर्शन," असं म्हणून मास्तरांनी ती बंद केली. बायको हसली नाही.

म्युझियमच्या पायऱ्यांवर टिल्ली जवळजवळ पळतच आली. मास्तरांनी तिला आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, केस घट्ट बांधलेले, आणि चालताना सारखं मागे वळून बघायची नवीन सवय. पण बापाच्या गळ्यात पडली तेव्हा पूर्वीसारखीच पडली, सगळा भार टाकून. सोडायला मात्र तयार नव्हती. मास्तरांना ओशाळल्यासारखं झालं. लोक बाजूने जात होते.

"वाळलीस गं," आई म्हणाली.

"डाएट," टिल्ली म्हणाली आणि तिकिटांच्या खिडकीकडे वळली.

आत शिरतात न शिरतात तोच तिचा फोन वाजला. तिने लगेच उचलला, स्वतःचा चेहरा दाखवला, मग फोन गर्रकन फिरवून आई-बाबांना दाखवलं, मग छत, मग दार. "हो, पोचले. हे बघ, आई. हे बाबा. हो, आतच आहोत." मास्तरांनी जावयाला हात हलवला. जावई पडद्यावरून छान हसला, "मजा करा बाबा!" म्हणाला. मास्तरांना बरं वाटलं. किती काळजी घेतो, असंही वाटलं.

पुढच्या दालनात फोन पुन्हा वाजला. परत चेहरा, आई, बाबा, छत. कॅन्टीनमध्ये कॉफी घेताना वाजला. टिल्ली जिन्यावर होती तेव्हा वाजला आणि पिशवीतून काढेपर्यंत बंद पडला, तर तिचा चेहरा असा झाला की मास्तरांना वाटलं ही आता पायरीवरच बसते. तिने धडपडत उलटा फोन लावला. "अरे जिन्यावर होते... नाही, मुद्दाम नाही... हो, ऐकू आला नाही लगेच... सॉरी. सॉरी ना." मास्तर शेजारी उभे राहून भिंतीवरचं चित्र बघत राहिले. त्यात काय होतं ते नंतर त्यांना आठवलं नाही.

"नोकरी कशी चाललीये?" त्यांनी कॉफीच्या टेबलावर विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"सोडली बाबा. मागेच. घरून काहीतरी करीन म्हणते."

"सांगितलं नाहीस ते?"

"सांगणारच होते."

मास्तरीणबाईने टिल्लीची पिशवी उगाच चाचपल्यासारखं केलं. "घराची किल्ली नीट ठेवलीस ना गं? गर्दी आहे."

"किल्ली कशाला? तो असतोच ना घरी," टिल्ली म्हणाली आणि साखर ढवळत बसली. साखर तिने घातलीच नव्हती.

तळमजल्यावर शेवटी जुन्या घोडागाड्यांचं दालन होतं. लाकडी चाकं, पितळी कंदील, फाटक्या मखमलीच्या बैठका. लहानपणी टिल्लीला म्युझियमचा भारी कंटाळा. कुठेही नेलं की पहिल्या पाच मिनिटांत 'कधी जायचं' सुरू. आता ती प्रत्येक गाडीपुढे थांबत होती. पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचत होती, कोणत्या कारागिराने बांधली, कुणी वापरली, चाकाला कुठलं लाकूड. मास्तर दारापाशी पोचले की ती मागून म्हणे, "बाबा, हळू चला ना. ही बघितलीच नाही आपण." परत मागे. मग तीच गाडी दुसऱ्या बाजूने.

तिसऱ्या खेपेला मास्तरांच्या लक्षात आलं की पोरगी गाड्या बघतच नव्हती. तिला इथून बाहेर पडायचं नव्हतं.

मायलेकी बाथरूमला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. टिल्लीची पिशवी मास्तरांच्या हातात होती, आणि तिच्यात फोन वाजत होता. वाजून बंद पडे, परत वाजे. उचलावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. आयुष्यभर लोकांना चौकात काय करायचं ते सांगत आलेला हा माणूस एका वाजत्या पिशवीपुढे हतबल होऊन उभा होता. शेवटी त्यांनी उचलला. "टिल्ली आईबरोबर आहे हो जावईबापू, आत्ता येते," एवढं म्हणाले. पलीकडून मऊ आवाजात, "काही हरकत नाही बाबा. आली की लावायला सांगा. लगेच." 'लगेच'वर जरासा जोर होता. फार नाही.

टिल्ली आली ती डोळे धुऊन आली होती. फोन लावला, ऐकलं, आणि म्हणाली, "मला निघायला हवं. उद्या बोटीवर भेटू." पायऱ्या उतरताना तिने मागे वळून बघितलं नाही.

हॉटेलच्या खोलीत मास्तरीणबाई पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चपलाही काढल्या नाहीत.

"विचारलं मी तिला," ती म्हणाली. "सरळच विचारलं. मारतो का म्हटलं."

"मग?"

"मारत नाही म्हणाली. 'तसं नाही गं आई.' मग कसं, ते काही सांगितलं नाही. आपल्याबरोबर चल म्हटलं, आत्ता, अशीच. तर घाबरली. माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, 'तुम्ही काही बोलू नका. बोललात तर मग हेही बंद होईल.'"

"हे म्हणजे काय?"

"हे. म्युझियम." मास्तरीणबाईचा आवाज चिरकला. "मी मूर्खासारखी समजत होते ती आपल्याला टाळतेय. अहो, ती आपल्याला टाळत नव्हती. आपण तिच्या घरी गेलो असतो तर तो दिवसभर समोर बसून राहिला असता. आपण शहर बघायला आलोय, आपल्याला रस्ते माहीत नाहीत, म्हणून तिला बाहेर सोडलं त्याने. एवढ्यासाठी आखलंय तिने सगळं."

मास्तर उठले, बसले, परत उठले. "मी जातो. मी आत्ता जातो आणि त्याची गचांडी धरतो."

"आणि मग?"

"मग पोरीला घेऊन येतो."

"ती येत नाही म्हणते. उचलून आणणार का? आणि नाही आली तर? तुम्ही गचांडी धरून परत याल. ती तिथेच राहील, त्याच्याबरोबर."

मास्तरांनी खिडकी उघडली. समोर भिंत होती. बंद केली.

रविवारी मनोऱ्यावर ते गेलेच नाहीत. बोटीच्या धक्क्यावर मात्र वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभे राहिले. बोट भरत आली तेव्हा टिल्लीचा निरोप आला. बरं वाटत नाही, अंग दुखतंय, तुम्ही जा, डावीकडे बसा. मास्तरीणबाईने तो वाचला आणि रिक्षा थांबवली. लग्नाच्या वेळचा पत्ता तिला तोंडपाठ होता.

बिल्डिंग नवी कोरी दिसत होती. पाइपचं काम कुठेच नव्हतं. एक माळी कुंड्यांना पाणी घालत होता. वॉचमनने वर फोन लावला आणि म्हणाला, "साहेब खाली येतायत. तुम्ही इथेच थांबा."

जावई आला तो हसतच. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात पुढे. "अहो आई, बाबा! कळवायचं नाही का? मी घ्यायला आलो असतो. तिला जरा कणकण आहे, आत्ताच डोळा लागलाय. बरेच दिवसांनी दगदग झाली ना काल, म्युझियम काय, जिने काय. चला, इथे खालीच चांगली जागा आहे, चहा घेऊ."

"आम्ही नुसतं बघून येतो तिला," मास्तर म्हणाले. "पायही वाजवणार नाही."

"उठेल हो ती. तिची झोप किती कच्ची आहे तुम्हाला माहितीच आहे," असं म्हणत त्याने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच त्यांना वळवलं. आणि मास्तर वळले. का वळले, ते त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. त्याने ढकललं नव्हतं, आवाज चढवला नव्हता. भांडायला कुठेतरी टोक लागतं, ते त्याने कुठेच ठेवलं नव्हतं.

चहा आला. जावई मास्तरांच्या गुडघ्यांची चौकशी करत होता, दवाखान्याची करत होता. टेबलाखाली मास्तरांचा उजवा पाय फरशीवर इतका जोरात दाबलेला होता की पोटरीत गोळा आला. पण फरशी ती फरशी. काही थांबलं नाही. त्यांनी चहा प्यायला. कप खाली ठेवताना बशी वाजली, तेवढाच काय तो त्यांचा निषेध.

"निदान आवाज तरी ऐकवा तिचा," मास्तरीणबाई म्हणाली. काउंटरवरच्याच आवाजात, गोड आणि न हटणाऱ्या. "आम्हाला बसमध्ये चैन पडायचं नाही."

जावयाने थोडा विचार केला, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. टिल्लीने पहिल्याच घंटीला उचलला. झोपेतल्या माणसाचा आवाज नव्हता तो.

"बाबा? मी बरी आहे. खरंच बरी आहे. बोट कशी होती?"

समोर जावई प्रसन्नपणे बघत होता. "छान होती," ते म्हणाले. "फार छान."

"डावीकडे बसलात ना?"

"हो. ऊन नाही लागलं."

जावयाचा हात फोनकडे सरकू लागला, तेवढ्यात मास्तरीणबाई घाईघाईने पुढे वाकली.

"टिल्ले, अगं, ह्यांचं काही समाधान झालं नाही बघ. सकाळी पाय दुखले म्हणून मनोरा राहिला. ते काचेचं मोठं मत्स्यालय म्हणतात तेही राहिलं. ऐकतच नाहीत, पुढच्या महिन्यात परत यायचं म्हणतायत. आम्हाला मेलं काही कळत नाही इथलं, काल तर चुकीच्या बसमध्ये चढलो होतो. तू बरोबर असलीस तर जमेल." मग जावयाकडे वळून, दात काढायला घाबरलेल्या पेशंटशी बोलावं तितक्या मायेने, "पाठवाल ना हो तिला? म्हाताऱ्या माणसांना तुमच्याशिवाय कोण आहे इथे?"

आजवर स्वतःला म्हातारी न म्हणवून घेणारी ही बाई. मास्तर बघतच राहिले.

जावयाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. चहाच्या टेबलावर, शेजारी लोक बसलेले असताना नाही म्हणणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. "बघू ना," तो म्हणाला. "त्यात काय."

फोनमधून कुणी श्वास घेतल्याचा आवाज आला. मग टिल्ली म्हणाली, "शनिवार धरून या."

बसमध्ये मास्तर खिडकीला डोकं टेकून बसले. बायकोने हात हातात घेतला, तो त्यांनी घेऊ दिला. घाटात ड्रायव्हरने एका ट्रकला भलत्याच वळणावर ओव्हरटेक केलं, तरी मास्तर काही बोलले नाहीत.

त्या आठवड्यात एक वकीलबाई त्यांच्याकडे शिकायला येत होत्या. हुशार बाई, कोर्टात म्हणे समोरच्याला घाम फोडायच्या, पण क्लच सोडताना स्वतःलाच फुटायचा. मास्तरांनी आपली गोष्ट 'एका ओळखीच्यांची' म्हणून सांगितली. वकीलबाईंनी गाडी कडेला घेतली, पहिल्यांदाच न सांगता आणि न आचके देता, आणि इंजिन बंद करून पूर्ण ऐकून घेतलं.

"मुलगी सज्ञान आहे?"

"हो. नोकरी करायची हो चांगली. त्या ओळखीच्यांची."

"मग तिने स्वतः बोलल्याशिवाय फारसं कुणी काही करू शकत नाही, मास्तर. ती बोलली तर मी आहे. कधीही. रात्री-अपरात्री फोन आला तरी चालेल. पण तिने बोलायला हवं." मग त्या म्हणाल्या, "त्या ओळखीच्यांना सांगा, तिला ओढू नका. तुटलं तर ती एकटी पडेल. येत-जात राहा. तिला कळू दे की तुम्ही आहात."

"बस? एवढंच करायचं?"

"सध्या एवढंच."

मास्तरांना वाटलं होतं कायद्यात काहीतरी असेल. एखादं कलम, एखादा कागद, वरून खाली येऊन दार उघडणारा एखादा माणूस. ते बाहेर बघत राहिले. वकीलबाईंनी गाडी सुरू केली, बंद पाडली, परत सुरू केली. "आता हळूच," मास्तर सवयीने म्हणाले.

घरी दोघंही एकमेकांशी जपून वागत होती, तापातून उठल्यासारखी. कधी मास्तर एकदम म्हणत, "मी तेव्हा वर जायला हवं होतं. जिना चढून सरळ." बायको म्हणे, "हो." कधी ती म्हणे, "लग्नाआधी मी नीट चौकशी केली नाही." मग ते म्हणत, "केली होतीस. सगळे चांगलंच म्हणाले होते." आणि ते खरंच होतं, सगळे चांगलंच म्हणाले होते. यापुढे बोलणं सरकत नसे. जेवणं होत, भांडी घासली जात, दवाखान्यात दुखरे दात येत आणि रस्त्यावर नवी पोरं चुकीच्या गिअरमध्ये गाडी रेटत.

बुधवारी टिल्लीचा फोन आला. मास्तरीणबाईने तो दोघांना ऐकू येईल असा लावला. पलीकडेही तसाच लावलेला असणार. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"बाबा, मी मत्स्यालयाची माहिती काढली," टिल्ली म्हणाली. घोटून पाठ केलेल्या सुरात. "सकाळीच जावं लागतं. फार मोठं आहे. वेगवेगळे विभाग आहेत. नीट बघायचं तर अख्खा दिवस लागतो."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, बोला म्हणून.

"अख्खा दिवस?" ते म्हणाले. "तरीच. मला कुणीतरी सांगितलं होतं, घाईघाईत बघायची जागा नाही ती."

"हो ना. शिवाय दुपारी माशांना खायला घालतात, तेही बघण्यासारखं असतं. मग संध्याकाळ होते."

मागून मऊ आवाज आला, जरासा हसरा. "मासेच ना ते? एवढं काय बघायचंय त्यात दिवसभर?"

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला, काच फुटेल इतका घट्ट. त्यांना माशांच्या दोन जातीही सांगता आल्या नसत्या. घरात एक काचेचा बाउल आणावा म्हणून टिल्ली लहानपणी रडली होती, तेव्हा त्यांनीच साफ नाही म्हटलं होतं. पाणी बदलत कोण बसणार.

"जावईबापू, तुम्हाला सांगायचं राहिलंच," ते मोकळं हसत म्हणाले, आणि ते हसू त्यांना कुठून आणता आलं ते बायकोलाही समजलं नाही. "मला माशांचं भारी वेड. लहानपणापासून. एकेका काचेपुढे मी तासन्‌तास उभा राहतो. पोरीला कंटाळा येईल बिचारीला, पण तिचा नाइलाज आहे."

"नाही येणार कंटाळा," टिल्ली हळूच म्हणाली.

"मग ठरलं," मास्तर म्हणाले. "आणि हे बघ, त्या शहरात बागही मोठी आहे म्हणतात. ती त्याच्या पुढच्या वेळी ठेवू."